जुन्या मोटारीची पारख

जुनें तें सोनें, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु सोनाराच्या दुकानांत शिरल्यावर हीच माणसें कसोटीचा दगड मागतात. दागिने, जमीनजुमला, एवढेंच काय पण लग्नाचें स्थळ यांच्या बाबतींत जी चिकित्सा मराठी मनुष्य करतो, ती जुनी मोटार घेतांना मात्र त्याच्या हातून फारशी होत नाहीं. मोटार दिसावयास ऐटदार असली, तिचें नांव पूर्वीं कधीं ऐकलेलें नसलें, आणि रस्त्यांतील चार माणसें तिच्याकडे वळून पाहत असलीं, कीं तेवढ्यावर सौदा ठरतो. नित्याच्या उपयोगाची एक गाडी दारांत उभी असतांना हौसेखातर दुसरी, जुनी आणि आगळी गाडी घेऊं इच्छिणारे गृहस्थ मुंबईंत आज थोडे नाहींत. त्यांच्यापुढील प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. तो इतिहासाचाही आहे. कोणती मोटार या शहराची, ती येथें कशी आली, कोणाच्या हातांनीं तयार झाली, आणि तिला जिवंत ठेवणारे हात आज कोठें आहेत, हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याची निवड बहुधा फसते.

लोअर परळच्या दृष्टीनें पाहिलें तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. हा भाग म्हणजे मुंबईच्या गिरणगांवाचें एक ठाणें. येथील फिनिक्स मिल १९०५ सालीं स्थापन झाली. कमला, मथुरादास, तोडी, रघुवंशी या गिरण्यांच्या नांवांनींच येथील पत्ते सांगितले जात. आणि रेल्वेच्या डब्यांचा मोठा कारखाना तर एकोणिसाव्या शतकापासून येथें आहे. पाळीचा भोंगा झाला कीं डिलाईल रोड माणसांनीं भरून जाई. परंतु त्या हजारों माणसांत मोटारीचा धनी क्वचितच एखादा. सूत कांतणाऱ्यांच्या आणि कापड विणणाऱ्यांच्या या वस्तींत मोटार ही मालकाची वस्तु होती. कामगारानें ती रस्त्याच्या कडेस उभें राहून पाहावयाची. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर हें चित्र पालटलें. एकामागून एक धुराडीं थंडावलीं, फिनिक्सच्या आवारांत दुकानांची मोठी पेठ उभी राहिली, आणि गिरण्यांच्या जागेवर मोटारी ठेवण्याचे मजलेच्या मजले बांधले गेले. ज्या रस्त्यावर मोटार हें नवल होतें, तेथें आज मोटार उभी करावयास जागा मिळणें हें नवल झालें आहे. अशा ठिकाणीं दुसरी मोटार घेणाऱ्यानें ती दुर्मिळ आहे एवढ्यावर संतुष्ट राहूं नये. अडविलेली जागा कशाकरितां अडविली, याचें उत्तर त्याच्यापाशीं असावें.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार प्रथम आली ती परदेशांतून तयार होऊन. १९११ सालीं येथें मोटार-टॅक्सी सुरू झाल्या. १५ जुलै १९२६ रोजीं शहरांतील पहिली मोटार-बस धावली. आणि घोड्यांच्या व्हिक्टोरिया व विजेच्या ट्राम यांच्या गर्दींतून या नव्या वाहनानें हळूहळू आपली वाट काढली. मोटार जोडण्याचा मोठा उद्योग मात्र या शहरांत आला तो त्या दशकाच्या अखेरीस. १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें शिवडी येथें कारखाना काढला. लोअर परळहून पूर्वेकडे, बंदराच्या दिशेनें गेलें कीं शिवडी फार दूर नाहीं. समुद्रमार्गानें आलेले सुटे भाग येथें जोडून मुंबईचे कामगार शेव्हरोले मोटारी व मालमोटारी तयार करीत. म्हणून त्या काळांतील एखादी शेव्हरोले विकावयास निघाली तर तिला अमेरिकन म्हणून मिरविण्यापूर्वीं तिची कुळकथा शोधावी. तिचे बोल्ट कदाचित् शिवडींतच आवळलेले असतील. पुढें १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें अशी शिफारस केली कीं, ज्या कंपन्या येथेंच भाग बनविण्याचा निश्चित कार्यक्रम हातीं घेणार नाहींत, केवळ जोडणीवर भागवितील, त्यांना यापुढें थारा देऊं नये. सरकारनें ती शिफारस मानली आणि १९५४ सालीं शिवडीचें काम बंद पडलें. शिवडीची मोटार आज मिळाली तर ती खरोखर आगळी ठरेल. परंतु तिच्या भागांसाठीं सातासमुद्रापार पत्रव्यवहार करावा लागेल, आणि पावसाळ्यांत तिला पक्कें छप्पर लागेल. हें ज्याला झेपेल त्यानेंच तिच्या वाटेस जावें.

मोटार येथें नुसती जोडावयाची नव्हे, तर बनवावयाची, ही ईर्ष्या दोन पुरुषांनीं बाळगली. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं १९३५ सालीं युरोप-अमेरिकेचा प्रवास करून मुंबईंत मोटारींचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें तिला अनुकूलता दाखविली. पण १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानेंच राजीनामा दिला. दुसरे पुरुष सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. जहाजें, विमानें आणि मोटारी हीं तिन्ही वाहनें हिंदी माणसानें हिंदुस्थानांत बनवावींत, हा त्यांचा ध्यास. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं त्यांनीं संधान बांधलें. मोटारींचा धंदा युद्धोपयोगी नाहीं, या सबबीवर दिल्लीच्या सरकारनें साह्य नाकारलें. तरी वालचंदांनीं नाद सोडला नाहीं. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि १९४७ सालीं, स्वातंत्र्याच्याच वर्षीं, कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या.

कुर्ल्याच्या या पहिल्या मोटारी अमेरिकन घडणीच्या होत्या. प्लिमथ, डॉज आणि डिसोटो अशीं त्यांचीं नांवें. आज जुन्या मोटारींच्या बाजारांत या तिन्ही नांवांचा मोठा बोलबाला आहे. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट यांचा उच्चार करतांना विकणाराचा आवाज आपोआप खालीं येतो. खरी गोष्ट अशी कीं, क्रायस्लर कंपनी एकच मोटार निरनिराळ्या विक्रेत्यांसाठीं निरनिराळ्या नांवांनीं काढीत असे. पुढची जाळी आणि नांवाची पट्टी वेगळी. सांगाडा आणि सहा नळकांड्यांचें एंजिन बहुतांशी तेंच. एका घरांतील तीन भावांना तीन आडनांवें दिल्यासारखाच हा प्रकार. खरेदीदारानें यांतून दोन धडे घ्यावेत. पट्टीवरील नांवासाठीं जादा पैसा मोजूं नये, हा पहिला. आणि एकीचा भाग दुसरीला बहुधा चालतो, म्हणून यांपैकीं कोणतीही एक घेतली तरी दुरुस्तीचें क्षेत्र तिप्पट होतें, हा दुसरा. मात्र या मोटारी पेट्रोलच्या बाबतींत खादाड. त्यामुळें अनेकींच्या पोटांत मागाहून डिझेल एंजिन बसविण्यांत आलें. बाहेरून डॉज आणि आंतून मालमोटार, अशी गाडी घेणें म्हणजे नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा!

वालचंदशेठ १९५३ सालीं वारले. त्यांच्या कारखान्याचें खरें भाग्य त्यानंतर उघडलें, आणि तें अमेरिकेनें नव्हे तर इटलीनें उघडलें. फियाट कंपनीची ५०० ही चिमुकली मोटार कुर्ल्यास १९५१ सालीं जोडली जाऊं लागली होती. इटलींत तिला लाडानें उंदीर म्हणत. १९५४ सालीं तिच्यामागून ११०० आली. चार दारांची, १०८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनाची ही गाडी मध्यम कुटुंबाला पुरेशी होती, आणि अमेरिकन गाड्यांच्या मानानें तिची भूक माफक होती. तिच्या आरंभींच्या घडणींत एक गंमत होती: पुढचीं दारें मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरत, त्यामुळें तीं कपाटाच्या दारांसारखीं समोरून उघडत. गोल, फुगीर अंगाच्या या मोटारीला मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ असें नांव दिलें. इटलींत उंदीर आणि मुंबईंत डुक्कर! नांव ओबडधोबड खरें, पण त्यांत तिरस्कार नाहीं. घरांतल्या माणसालाच असें नांव पडतें. कंपनीच्या पत्रकांत हें नांव नव्हतें, तें रस्त्यानें ठेवलें. आणि ज्या मोटारीला रस्ता नांव ठेवतो ती त्या गांवची झाली, असें समजावें.

पुढें या मोटारीचें रूप बदललें. १९६४ सालीं तिची सरळ रेषांची नवी आवृत्ति निघाली. फियाटशीं असलेला करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीच्या नांवावरून ती पद्मिनी झाली. त्या काळांत मोटारींचे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मुंबईची टॅक्सी म्हणजे तर पद्मिनीच. काळें अंग, पिवळें टप, बाहेरच्या अंगास बसविलेलें मीटर, सुकाणूच्या दांड्यावर गिअर, आणि पुढें एकसंध बांक. लोअर परळच्या चाळींतील मनुष्यही या मोटारींत बसे: बाळंतिणीला इस्पितळांत नेतांना, नवरानवरीला मांडवांतून आणतांना, गांवाकडून आलेल्या वृद्धाला स्टेशनावरून घरीं नेतांना. मालकीची नव्हे, भाड्याची. पण ज्या मोटारींत गिरणगांव बसलें ती हीच.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुतीची पहिली मोटार ग्राहकाच्या हातीं पडली आणि कुर्ल्याच्या गाडीच्या उतरणीस आरंभ झाला. नव्या शतकाच्या सुरुवातीस पद्मिनीचें उत्पादन थांबलें. टॅक्सी वीस वर्षांपेक्षां अधिक चालवूं नये असा मुंबईंत नियम झाला. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या नियमानें २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेली. चाळीस वर्षें जिच्याकडे कोणी वळूनही पाहिलें नाहीं, ती पाहतां पाहतां दिसेनाशी झाली.

आगळेपणाचा खरा अर्थ येथें कळतो. दुर्मिळता ही वस्तूच्या जन्माबरोबर येतेच असें नाहीं. पुष्कळदां ती तिच्या मरणाबरोबर येते. राजेरजवाड्यांनीं मागविलेल्या उंची मोटारींची संख्या मुळांतच थोडी होती. पण त्यांना तबेले होते, चाकर होते, आणि त्यांची किंमत सर्वांना ठाऊक होती. म्हणून त्यांतल्या अनेक आजही नीट राहिल्या आहेत. सामान्य मोटार मात्र कोणी जपून ठेवीत नाहीं, कारण ती उद्यांही मिळेल असें प्रत्येकाला वाटत असतें. ती भंगारांत जाते, तिचे भाग दुसरीला लागतात, पत्रा वितळतो. तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालून झाल्यावर मग एखादा बंब शोभेसाठीं दामदुपटीनें विकत घ्यावा, तशीच ही गोष्ट.

केवळ संख्येनें थोड्या अशा आणखी दोन मोटारींचा विचार येथें केला पाहिजे. पहिली प्रीमियर ११८ एन. ई. ही १९८५ सालीं निघाली. फियाट १२४ या जुन्या मोटारीचा सांगाडा आणि निस्सान या जपानी कंपनीच्या धाटणीचें एंजिन असा तिचा मेळ होता. नांवांतील शेवटचीं दोन अक्षरें त्या एंजिनाचींच. तिचें एंजिन चांगलें, पण तिच्या बहिणीइतकी ती कधींच खपली नाहीं. त्यामुळें दाराची मूठ किंवा मागच्या दिव्याची कांच फुटली तर ती मिळविणें कठीण. दुसरी मोटार तर विकत मिळणेंच अशक्य. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं सामान्य माणसासाठीं ‘मीरा’ नांवाची छोटी मोटार स्वतःच्या हिंमतीवर तयार केली. १९४९ सालीं पहिला नमुना झाला. पुढें दोन तपांहून अधिक काळ ते तिच्यांत सुधारणा करीत राहिले, आणि अखेरची आवृत्ति बारा हजार रुपयांच्या आसपास देतां येईल असा त्यांचा हिशेब होता. तरी मोठ्या प्रमाणावर ती कधींच निघाली नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत आगळी मोटार कोणती असें विचारलें तर मीराचेंच नांव घ्यावें लागेल. परंतु तें नांव आदरानें घ्यावें आणि पुढें चालावें. बाजारांत नसलेल्या वस्तूवर जीव टाकून हातचा पैसा अडकवून ठेवण्यांत शहाणपण नाहीं.

आतां प्रत्यक्ष पारख. फियाट ११०० व पद्मिनी यांना निराळी चासी नाहीं. तळ, बाजूच्या पट्ट्या आणि टप मिळून एकच पेटी, आणि तीच सर्व भार उचलते. म्हणून एंजिनाआधीं तळ पाहावा. मुंबईची हवा खारी आणि पाऊस चार महिन्यांचा. पायाखालचें पायपोस उचललें कीं सत्य समजतें. गंज वरवरचा आहे कीं पत्रा आरपार खाल्ला आहे, हें पेचकसाच्या टोकानें दाबून कळतें. वरचा नवा रंग पाहून भुलूं नये; रंग हा पुष्कळदां गंजावरील पांघरूण असतो. एंजिन उघडतां येतें, घासतां येतें, पुन्हां बसवितां येतें. कुजलेली पेटी मात्र नव्यानें घडवावी लागते, आणि तें काम करणारे पत्राकाम्ये आतां थोडे उरले आहेत.

यानंतर कागद. एंजिनावरचा आणि पेटीवरचा नंबर नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. बी. एम. अक्षरांचा जुना नंबर असला तर ती मोटार मुंबई राज्याच्या काळांत, म्हणजे १९६० पूर्वीं नोंदलेली. असा मूळ नंबर आणि सलग नोंद असेल तर ती जपावी. खाजगी मोटारीची नोंद पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें आणखी एक मार्ग खुला केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपांत राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षें, आणि नंबरांत ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें. परंतु अशी मोटार रोजच्या वापरांत ठेवतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यांसाठींच ती रस्त्यावर आणावयाची. मान हवा कीं वापर हवा, हें खरेदीदारानें आधींच ठरवावें. पद्मिनी नांव धारण केलेल्या पहिल्या मोटारींनीं २०२४ च्या सुमारास पन्नाशी ओलांडली, हेंही येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. टॅक्सी म्हणून ज्या नांवाला शहरानें निरोप दिला, तेंच नांव वर्षभराच्या अंतरानें मानाच्या पंक्तीस बसण्यास पात्र झालें.

भाकरी कां करपली, घोडा कां अडला, पानें कां सडलीं, या जुन्या कोड्याचें उत्तर एकच: फिरविलें नाहीं म्हणून. तेंच उत्तर जुन्या मोटारीलाही लागू आहे. न फिरविलेल्या मोटारीचे रबरी भाग कडक होतात, ब्रेकचें तेल पाणी शोषून घेतें, टाकींत गंज धरतो, बॅटरी मरते. आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट मरते, ती म्हणजे कारागिराची सवय. कारब्युरेटरचा आवाज ऐकून मिश्रण कमी-जास्त करणारा, पॉइंटचें अंतर पत्त्याच्या कडेनें मापणारा मेकॅनिक हा पुस्तकांतून तयार होत नाहीं. त्याच्यापुढें मोटारी याव्या लागतात. गिरण्यांच्या यंत्रशाळांत फिटर आणि टर्नर असेच, उस्तादाच्या हाताखालीं तयार होत. गिरण्या गेल्या आणि तें शिक्षणही गेलें. पद्मिनीचा उस्ताद आज वृद्ध झाला आहे. त्याचा शागीर्द उद्यां कोणत्या मोटारीवर हात बसविणार, हें आजच्या खरेदीदाराच्या निवडीवर अवलंबून आहे. परदेशी भागांवर जगणारी आणि वर्षांतून एकदां फेरीला निघणारी मोटार या कारागिराला कांहीं देत नाहीं. महिन्यांतून दोनदां त्याच्या दारीं जाणारी साधी फियाट त्याला पोटही देते आणि शिष्यही देते.

यावरून निवडीचा क्रम आपोआप लागतो. ज्याला जागा, पैसा आणि धीर तिन्ही आहेत त्यानें शिवडीची शेव्हरोले किंवा कुर्ल्याची डॉज पाहावी. पण मूळ एंजिनासह. ज्याला खरोखर आगळी आणि तरीही चालवितां येईल अशी मोटार हवी, त्यानें १९६० पूर्वींची डुक्कर फियाट शोधावी. तिचीं समोरून उघडणारीं दारें नवलाचीं आहेत, आणि तिचें एंजिन पद्मिनीच्याच घराण्यांतील असल्यामुळें तिचा उस्ताद अजून मिळतो. आणि ज्याची थैली लहान, त्यानें खाजगी वापरांतली, मूळ रूपांतली एक पद्मिनी घ्यावी. तिला रुंद चाकें, रंगीत दिवे आणि गर्जना करणारी नळी लावून तिची थट्टा मात्र करूं नये.

लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ पासून बंद होता; तो पुन्हां बांधून नोव्हेंबर २०२३ मध्यें पूर्णपणें खुला झाला. त्याच्या अवघे कांहीं दिवस आधीं शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली होती. ज्या मोटारीनें जुन्या पुलावरून तीन पिढ्या इकडून तिकडे नेल्या, तिला नवा पूल पूर्णपणें खुला झालेला पाहावयास मिळाला नाहीं. आतां ती त्यावरून जाईल ती कोणा गृहस्थाच्या खाजगी मालकीची होऊनच. आणि अशी एक जरी चांगली राखलेली गाडी या वस्तींत राहिली, तरी गिरणगांवच्या मुलांना आजोबांच्या काळची टॅक्सी कशी होती, तें चित्रांत पाहावें लागणार नाहीं.